‘नैसर्गिक’ लिहिले म्हणून निर्धोक होत नाही

शाम्पू ‘हर्बल’, तेल ‘शंभर टक्के नैसर्गिक’, मेहंदी ‘आयुर्वेदिक’ आणि साबण ‘ऑरगॅनिक’. मेडिकलच्या दुकानात, आठवडी बाजारात, बचत गटाच्या प्रदर्शनात आणि मोबाईलच्या पडद्यावर आज हेच शब्द दिसतात. केमिकलच्या वस्तू टाका, निसर्गाकडे वळा, असा सल्ला शेजारीण देते, पार्लरवाली देते आणि जाहिरातही देते. त्यामुळे आपल्या अनेक भगिनींना प्रश्न पडतो की घरातले सगळे बदलावे का? बदलले तर काय घ्यावे? आणि या नव्या वस्तू महाग असतात, तर तेवढा फायदा खरेच होतो का?

थोडक्यात उत्तर असे की काही बदल आजच करण्यासारखे आहेत, काही केले नाहीत तरी चालते, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून चाललेल्या काही गोष्टींपासून उलट लांबच राहिले पाहिजे. यातले कोणते कशात बसते हे ओळखण्यासाठी आपल्याकडे एक जुनी आणि पक्की कसोटी आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका. ती हिताची की अहिताची हे स्वतः तपासा. ही कसोटी शाम्पूच्या बाटलीलाही लागू पडते. ‘आजी लावायची’ हे पुरेसे कारण नाही आणि ‘टीव्हीवर सांगतात’ हेही नाही.

केमिकल कशाला म्हणायचे?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. प्रत्येक पदार्थ रसायनांचाच बनलेला असतो. पाणी हे रसायन आहे, खोबरेल तेल ही रसायने आहेत. शिकेकाई आणि रिठ्याला फेस येतो तो त्यांतील सॅपोनिन या रसायनामुळे. शाम्पूतला सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा पदार्थ ऐकायला भयंकर वाटतो. पण तो बहुधा नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनच तयार करतात. म्हणून एखादी कंपनी ‘नारळापासून बनवलेले’ असे लिहिते तेव्हा ती खोटे बोलत नसते, पण त्यातून आपल्याला फारसे काही कळतही नाही.

याउलट शिसे, पारा आणि आर्सेनिक ही तिन्ही विषे निसर्गातलीच आहेत. डोळ्यात घालण्याचा पारंपरिक सुरमा अनेकदा गॅलेना नावाच्या दगडाची पूड असते, आणि गॅलेना म्हणजे शिशाचे खनिज. कारखान्याचा स्पर्श न झालेली ही वस्तू लहान मुलाच्या मेंदूला अपाय करू शकते.

म्हणून प्रश्न ‘नैसर्गिक की केमिकल’ असा विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. यात नेमके काय आहे? ते किती प्रमाणात आहे? आणि ते माझ्या त्वचेला सोसते का?

आजच सोडाव्यात अशा गोष्टी

1. गोरे करणारी बिननावाची क्रीम. पार्लरमध्ये साध्या डबीत मिळणारी, पत्ता नसलेली किंवा परदेशी लिपीतली क्रीम आठ दिवसांत रंग उजळते, तेव्हा आनंद मानू नये, शंका घ्यावी. अशा क्रीममध्ये दोन गोष्टी सापडतात. पहिली पारा. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा अडवतो, म्हणून रंग फिका होतो. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि शोध घेतल्यावर त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. त्वचेच्या क्रीममध्ये पारा घालण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही अशा डब्या विकल्या जातात. क्रीम वापरणाऱ्या बाईच्या लघवीला फेस येऊ लागला, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली तर क्रीम त्याच दिवशी थांबवावी, लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी आणि डॉक्टरांना क्रीमची डबी दाखवावी. आईच्या चेहऱ्यावरची क्रीम बाळाच्या हाताला आणि तोंडाला लागते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्वचारोगाची औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक दिवस लावायची असतात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येते, चेहऱ्यावर लव वाढते. बंद केली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो आणि अडकतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. नायट्याचे मलम म्हणून दुकानदाराने सहज दिलेल्या ट्यूबमध्येही बहुधा स्टेरॉइड असते. ज्यांनी अशी क्रीम अनेक महिने वापरली आहे त्यांनी ती एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सोडावी.

2. काळी मेहंदी. मेहंदीच्या पानाचा रंग लालसर-केशरी असतो. निव्वळ मेहंदीने केस काळेभोर कधीच होत नाहीत. तासाभरात केस काळे करणाऱ्या ‘हर्बल काळ्या मेहंदी’च्या पुडीत बहुतेक वेळा पॅरा-फिनिलीन डायअमीन असते, ज्याला थोडक्यात पी.पी.डी. म्हणतात. साध्या हेअर डायमध्येही तेच असते. अनेकांना ते सोसते. पण ज्यांना त्याची ॲलर्जी येते त्यांचे डोके खाजते, पाणी सुटते, डोळे सुजून बंद होतात आणि क्वचित श्वासही अडतो. ही ॲलर्जी एकदा आली की सहसा आयुष्यभर राहते. दहा वर्षे काही झाले नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असेही नाही. पुडीवर पुढच्या बाजूला पानाचे चित्र असले तरी मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचावा. पी.पी.डी. असलेल्या डायवर ‘आधी चाचणी घ्या, भुवया व पापण्यांना लावू नका’ असा इशारा छापणे बंधनकारक आहे. तो इशारा दिसला की पुडीवर हर्बल लिहिलेले असो वा नसो, आत डायच आहे असे समजावे. ही पूड पोटात गेली तर जिवावर बेतते, म्हणून ती मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

3. तान्ह्या बाळाला काजळ आणि सुरमा. नजर लागू नये म्हणून बाळाला काजळ लावणे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. नजर नावाची काही शक्ती नसते. काजळातले शिसे आणि बोटावरचे जंतू मात्र खरे असतात. काजळाने डोळे मोठे होत नाहीत आणि दृष्टीही वाढत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा प्रकार अजून चालत असेल तर तो थांबवणे हे आरोग्याचेही काम आहे आणि धम्माचेही.

4. केस कायमचे सरळ करणे. केराटिन, स्मूदनिंग अशा नावांनी पार्लरमध्ये जे करतात त्यातल्या काही द्रवांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. हा कर्करोगकारक वायू आहे. तो गिऱ्हाइकाच्या नाकात एकदा जातो, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या नाकात रोज. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असते, आणि ते वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. या कामासाठी खर्चही हजारांत होतो. आरोग्याचा विचार केला तर हे न केलेलेच बरे.

5. टिकलीमुळे पडणारा पांढरा डाग. काही टिकल्यांच्या डिंकात असलेल्या रसायनामुळे कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. तो दिसताच टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवावे. हा कुष्ठरोग नाही आणि तो संसर्गानेही पसरत नाही.

रंगाची लाज कोणी शिकवली?

वरच्या यादीत पहिला क्रमांक गोरे करणाऱ्या क्रीमचा आहे, याला कारण आहे. लाज वाटली नसती तर ही क्रीम विकलीच गेली नसती. सावळा रंग म्हणजे खालची जात, गोरा रंग म्हणजे वरची जात, हे समीकरण या समाजव्यवस्थेने आपल्या डोक्यात घातले आणि बाजाराने त्याचे पैसे केले. 1975 मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, पण लग्नाच्या स्थळात ‘मुलगी गोरी हवी’ ही अट अजून गेलेली नाही. ती आपल्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांतही ऐकू येते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

शरीरशास्त्र वेगळेच सांगते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. म्हणजे ज्याची लाज वाटते ते खरे तर संरक्षण आहे.

नटण्याला धम्माचा विरोध आहे असा याचा अर्थ नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जड दागिने सोडा, असे सांगितले. दिसण्याचा आणि स्वाभिमानाचा संबंध त्यांनी नेमका ओळखला होता. फरक हेतूत आहे. स्वाभिमानाने नीटनेटके राहणे वेगळे, आणि लाजेपोटी स्वतःची कातडी सोलून काढणे वेगळे.

ही लढाई आपल्या एकट्यांची नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव घेतले गेले, त्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही केसांबाबत हेच सोसले. त्यांचे कुरळे केस ‘गबाळे’ ठरवले गेले, नोकरी आणि शाळा यांसाठी ते रसायनांनी सरळ करावे लागले. साठच्या दशकात त्यांच्या तरुण पिढीने केस आहेत तसे वाढवले आणि तेच स्वाभिमानाचे चिन्ह केले. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने 2019 मध्ये केला. 2022 मध्ये अमेरिकेतील तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षात चारहून अधिक वेळा केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्या स्त्रियांत, वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 4 टक्के दिसली, तर न वापरणाऱ्यांत सुमारे 1.6 टक्के. एवढ्यावरून रसायनांमुळेच कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही, पण सावध होण्यास हे पुरेसे आहे. तिकडे ‘नैसर्गिक केसांकडे वळणे’ याचा मुख्य अर्थ महाग हर्बल बाटली घेणे असा नव्हता. आपल्या केसांची लाज सोडणे असा होता.

घरच्या घरी काय वापरावे?

केस धुण्यासाठी शिकेकाई. काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगा घ्याव्यात, कारण तयार पुडीत काय मिसळले आहे ते कळत नाही. आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री पाण्यात भिजत घालावी. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावे, कुस्करून फडक्यातून गाळावे. हे पाणी केस धुताना डोळे घट्ट मिटून घ्यावेत; रिठा डोळ्यात गेला तर फार झोंबतो. लहान मुलांना रिठा वापरूच नये. यात टिकवणारा कोणताही पदार्थ नसल्याने हे पाणी त्याच दिवशी संपवावे, फ्रीज असेल तर फार तर दोन दिवस ठेवावे. वास बदलला की फेकून द्यावे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, शिकेकाईचा तसा बसत नाही, हा तिचा खरा फायदा आहे. मात्र केस फार कोरडे असतील तर वारंवार वापरल्याने आणखी कोरडे होतात.

शिकेकाई करायला वेळ नसेल तर साधा, सौम्य शाम्पू वापरण्यात काहीही चूक नाही. पहाटे उठून कामावर जाणाऱ्या बाईला शिकेकाई उकळायला वेळ कुठून मिळणार? शाम्पू थेट डोक्यावर न ओतता मग्यात पाणी घेऊन त्यात पातळ करावा. कोरडेपणा त्याने बराच कमी होतो.

तेल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातील प्रथिने कमी वाहून जातात, असे 2003 मधील एका अभ्यासात दिसले. त्यात खनिज तेल आणि सूर्यफूल तेल एवढे उपयोगी ठरले नाही. हा अभ्यास खोबरेल तेल विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीतील संशोधकांनीच केला होता, हेही वाचकाला माहीत असावे. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही, पण दावा कोण करतो हे पाहण्याची सवय चांगली. तेलाने केस तुटणे कमी होते. नवे केस उगवत नाहीत. माका, जास्वंद, कांदा घातलेल्या महाग तेलांबाबतही अपेक्षा एवढीच ठेवावी. केस धुण्याआधी तास-दोन तास तेल लावणे पुरेसे आहे. कोंडा असेल तर तेल चोपडू नये. कोंड्याशी संबंध असलेली सूक्ष्म बुरशी टाळूवरच्या तेलकटपणावरच जगते, त्यामुळे तेलाने कोंडा दबल्यासारखा दिसतो पण जात नाही. त्यासाठी किटोकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरावा.

केस रंगवण्यासाठी. निव्वळ मेहंदीची पाने आणून, सावलीत वाळवून, घरी दळावीत. लाल रंग चालत नसेल तर मेहंदी धुतल्यावर नीळ वनस्पतीच्या पानांची पूड लावतात, त्याने रंग गडद होतो. यालाही वेळ लागतो आणि यालाही चाचणी हवी. एक सावधगिरी महत्त्वाची आहे. काही कुटुंबांत रक्तातील जी-6-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा व्यक्तींना, विशेषतः तान्ह्या बाळांना, मेहंदी लावल्याने तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बारशाला बाळाच्या तळहातावर मेहंदी लावू नये. आणि पांढरे केस तसेच ठेवणे हाही एक चांगला, बिनखर्चाचा पर्याय आहे.

चेहऱ्यासाठी. तेलकट त्वचेला मसूर किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आठवड्यातून एक-दोनदा पुरते. जोरात चोळू नये. कोरड्या त्वचेला आंघोळीनंतर अंग ओले असतानाच थोडे खोबरेल तेल लावावे. मात्र ज्यांना मुरमे येतात त्यांनी चेहऱ्याला तेल टाळावे. कोरफडीचे पान कापल्यावर पिवळा चीक निथळू द्यावा, पान धुवावे आणि मगच आतला गर घ्यावा. त्या चिकाने खाज सुटते. उन्हात काम करणाऱ्यांना सर्वांत चांगले ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणजे डोक्यावरचा पदर किंवा रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा.

घरातलेच, पण अपायकारक

- लिंबाचा रस चेहऱ्यावर लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात. ते महिनोन्‌महिने जात नाहीत.
- खाण्याचा सोडा क्षारयुक्त असतो. केसांची आणि त्वचेची घडण किंचित आम्लाची, त्यामुळे सोड्याने केस राठ होतात.
- लसूण ठेचून डोक्याला किंवा चेहऱ्याला बांधल्यास फोड येतात.
- मुरमावर टूथपेस्ट लावल्यास आग होते आणि डाग राहतो.
- सुवासिक अर्क, म्हणजे टी ट्री, लवंग, दालचिनी यांचे तेल, थेट त्वचेवर लावू नये. चार-पाच थेंब एका मोठ्या वाटीभर साध्या तेलात एवढेच प्रमाण असावे.

केस गळतात तेव्हा आधी रक्त तपासा

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त गळू लागले की आपण तेल बदलतो, शाम्पू बदलतो. पण कारण अनेकदा बाटलीत नसून ताटात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. शरीरात लोह कमी असले तर जगातले कोणतेही तेल केस थांबवू शकत नाही. थायरॉइडचा विकार, बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा ताप यांनंतरही दोन-तीन महिन्यांनी केस भरभरून गळतात. असे केस बहुतेकदा आपोआप परत येतात, फक्त वेळ लागतो, कारण केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटरच वाढतो.

म्हणून महागडी बाटली घेण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते 12 च्या खाली असल्यास रक्तक्षय समजतात. आहारात डाळी, पालेभाज्या, बाजरी, अंडी, आणि खात असाल तर मासे व कलेजी असावी. सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणाला लागून चहा टाळावा, म्हणजे लोह नीट शोषले जाते. विदर्भातील आपल्या समाजबांधवांनी एक गोष्ट विसरू नये. तिकडे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि त्यातही हिमोग्लोबिन कमी असते. पण तो रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून सिकलसेलची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

लेबल असे वाचावे

पुढच्या बाजूचे चित्र आणि मोठी अक्षरे ही जाहिरात असते. माहिती मागच्या बाजूला असते.

- घटकांची यादी : जास्त प्रमाणातले घटक आधी लिहिलेले असतात. ‘बदाम शाम्पू’च्या यादीत बदाम अगदी शेवटी, सुगंधाच्या आसपास असेल तर ते नावापुरतेच आहे.
- परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता : यांतले काही नसेल तर वस्तू परत ठेवावी. घरगुती उद्योग किंवा बचत गटाच्या वस्तूंनाही हे लागू आहे. आपल्या माणसाची वस्तू जरूर घ्यावी, पण परवाना विचारून घ्यावी. त्यात त्या गटाचेही भले आहे.
- ‘जैविक भारत’ चिन्ह : हे चिन्ह खाद्यपदार्थांसाठी आहे. शाम्पू-क्रीमवर ते पाहून फसू नये.
- ‘पॅराबेनमुक्त’, ‘सल्फेटमुक्त’ : पॅराबेन हे वस्तू नासू नये म्हणून घालतात. ठरवून दिलेल्या मर्यादेत त्यांनी अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट टिकवणारा पदार्थच नसलेल्या, पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू वाढतात. सल्फेटने ज्यांची टाळू कोरडी पडते त्यांनीच ते टाळावे. या शब्दांसाठी दुप्पट किंमत मोजण्याचे कारण नाही.

बदल करायचाच असेल तर

एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि दोन आठवडे थांबावे. शाम्पू, तेल, क्रीम सगळे एकदम बदलले आणि पुरळ आले, तर कशाने आले ते कळत नाही.

कोणतीही नवी वस्तू, मग ती घरी केलेली का असेना, आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडीशी लावून 48 तास पाहावी. खाज, लाली, फोड आले नाहीत तरच वापरावी. डायची चाचणी दर वेळी घ्यावी.

शाम्पू सोडून शिकेकाईवर आल्यावर पहिले काही आठवडे केस राठ वाटतात. ‘शरीरातील विष बाहेर पडते आहे’ असे विकणारे सांगतात, ते खरे नाही. शाम्पू-कंडिशनरमधील सिलिकॉनचा गुळगुळीत थर निघून जातो, एवढेच त्यामागचे कारण आहे. खाज किंवा पुरळ आले तर मात्र ‘सवय होईल’ म्हणून सोसू नये, थांबावे.

एखाद्या वस्तूने अपाय झाला तर डबी फेकू नये, तोच पुरावा असतो. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर यातले काही न करता आधी दवाखाना गाठावा.

शेवटी एवढेच

श्रामणेर शिबिरात ज्यांनी प्रव्रज्या घेतली आहे त्यांना माहीत आहे की केस, लोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे स्वरूप पाहण्यापासून तिथे सुरुवात होते. त्या आहेत तशा पाहायच्या, त्यांचा गर्व नाही आणि त्यांची लाजही नाही. संसारात राहणाऱ्या आपण उपासक-उपासिकांनी केस विंचरावेत, चेहरा धुवावा, सणाला नटावेही. फक्त जी वस्तू आपल्याला आधी लाज वाटायला लावते आणि मग त्या लाजेवरचा उपाय विकते, ती दाराबाहेर ठेवावी, मग तिच्यावर ‘केमिकल’ लिहिलेले असो की ‘नैसर्गिक’. या आठवड्यात घरातल्या फळीवरच्या सगळ्या डब्या एकदा उलट्या करून मागची अक्षरे मुलींसोबत वाचा. ज्यावर पत्ता नाही, घटक नाहीत, मुदत नाही, ती आधी वापरातून काढा. वाचलेल्या पैशांतून रक्ताची तपासणी करा आणि घरात डाळ, पालेभाजी आणा.